हक्क शिकवले तर पोरं बिघडतील का?

आज संध्याकाळी एक काम करा. वैरणकाडी झाली, धारा काढून झाल्या, की मुलाचे किंवा मुलीचे दप्तर जवळ ओढा आणि त्यातले एखादे पाठ्यपुस्तक उघडा. पहिल्या काही पानांतच राष्ट्रगीत दिसेल, प्रतिज्ञा दिसेल आणि एका चौकटीत भारताच्या संविधानाची उद्देशिका छापलेली दिसेल. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे चार मोठे शब्द तिथे आहेत. मुलाला विचारा, "हे येतं का रे तुला?" पुष्कळ मुले धडाधडा म्हणून दाखवतील, कारण अनेक शाळांत ती परिपाठाला म्हटली जाते.

आता दुसरा प्रश्न विचारा. "यातल्या समतेचा अर्थ काय?" इथे गाडी जरा अडखळेल. मग तिसरा विचारा. "दुपारी खिचडी खायला तुझ्या शेजारी कोण बसतं? आणि कोण बसत नाही?" याचे उत्तर मात्र मूल चटकन देईल. ते त्याच्याकडून कोणी पाठ करून घेतलेले नसते. ते त्याने रोज डोळ्यांनी पाहिलेले असते.

आजचा आपला विषय हाच आहे. मुलांना शाळेत माणसाचे हक्क शिकवावेत का, आणि शिकवायचे तर कसे?

पारावर हा विषय काढला की एखादा जाणता माणूस हमखास म्हणतो, "आधीच पोरं ऐकत नाहीत. त्यात हक्क शिकवा, म्हणजे झालंच! उद्या आपल्यालाच कायदा दाखवतील." ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपण लेकरांना कष्टाने वाढवतो. ती हाताबाहेर जावीत असे कोणालाच वाटत नाही. म्हणून या भीतीचा विचार नीट करू या.

हक्क म्हणजे पाण्याची पाळी

हक्क हा शब्द आपल्याला नवा नाही. पाटाच्या पाण्याची पाळी तुमची असली, की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन तुम्ही दारे धरायला जाता. वरच्या शेतकऱ्याने तुमच्या पाळीचे पाणी मध्येच फोडले, तर तुम्ही गप्प बसत नाही. ते पाणी तुम्ही कोणाकडे उपकार म्हणून मागत नसता, ते तुमचेच असते. पण त्याच नियमाने तुमची वेळ संपली की तुम्हालाही दार बंद करावे लागते, कारण पुढची पाळी खालच्या शेतकऱ्याची असते. ज्याला स्वतःची पाळी कळते, त्याला दुसऱ्याची पाळीही कळते. नियम एकच असतो.

मानवी हक्क म्हणजे अशीच एक पाळी आहे. जमीन किती, जात कोणती, धर्म कोणता, मुलगा की मुलगी, यांतले काहीही न विचारता केवळ माणूस म्हणून जन्माला आल्याबरोबर ती मिळते.

दुसऱ्या महायुद्धात माणसांची जी होरपळ झाली, ती पाहून जगातल्या देशांनी ही गोष्ट कागदावर उतरवायचे ठरवले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात ३० कलमे आहेत आणि त्यांतले २६ वे शिक्षणाच्या हक्काचे आहे. म्हणूनच १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन म्हणून पाळतात. या कामात आपल्या देशाच्या हंसा मेहता होत्या. मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. तिथे 'सर्व माणसे' असा अर्थ देणारा शब्द हवा, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो बदल झाला. याच बाई पुढे बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. एका शब्दाने काय होते, असे कोणी म्हणेल. पण सातबाऱ्यावरचे एक नाव इकडचे तिकडे झाले तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पुढे २० नोव्हेंबर १९८९ रोजी खास मुलांच्या हक्कांचा करार झाला आणि १९९२ साली भारताने तो मान्य केला. मुलाला जगण्याचा, वाढीचा आणि संरक्षणाचा हक्क आहे. त्याच्याशी संबंधित गोष्टींत त्याचे म्हणणे वयाप्रमाणे ऐकून घेतले जावे, असेही त्यात सांगितले आहे.

आपल्याच मातीतला धडा

हे सारे परदेशातून आले, आपल्या खेड्यापाड्यांत त्याचे काय काम, असे वाटत असेल, तर जरा मागे वळून पाहा.

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली एक मुलगी शिकत होती. तिने मांग आणि महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. आपल्या लोकांना माणूस म्हणून का वागवत नाहीत, असा त्या निबंधाचा रोखठोक सवाल होता. संयुक्त राष्ट्रसंघाचा जाहीरनामा त्यानंतर त्र्याण्णव वर्षांनी आला. पुण्यातल्या एका शाळकरी मुलीने तो प्रश्न आधीच विचारून ठेवला होता.

तिला हे कसे सुचले? फुल्यांच्या शाळेत मानवी हक्क नावाचा तास नव्हता. पण ज्या पोरीची सावलीही लोकांना चालत नव्हती, तिला त्या शाळेत बसायला जागा होती, हातात पाटी होती आणि तिचे म्हणणे ऐकणारे गुरुजी आणि बाई होत्या. तिच्यासाठी शाळेतले ते वागणे हाच धडा होता.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हती. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केलेला होता. कागदावर हक्क होता, पण पाण्यापर्यंत जाता येत नव्हते.

महाडचा हा धडा शाळेलाही लागू पडतो. कागदावरचा हक्क कोणी तरी वापरून दाखवावा लागतो, तेव्हा तो खरा होतो.

पिशवीवरचे वाचून पीक येत नाही

मुलांना हक्क कसे शिकवावेत, याविषयी संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली एक घोषणापत्र काढले. त्यात या शिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत. पहिला भाग, हक्कांची माहिती देणे. दुसरा, शिकवण्याची आणि वागवण्याची रीतच अशी ठेवणे की शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा मान राखला जाईल. तिसरा, स्वतःचे हक्क वापरण्याचे आणि दुसऱ्याचे हक्क जपण्याचे बळ देणे.

आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले म्हणजे बी, दुसरे म्हणजे वापसा आणि तिसरे म्हणजे पीक. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर कितीही वेळा मोठ्याने वाचला, तरी शेतात काही उगवत नाही. आणि बी उत्तम असले, पण वापसा नसताना पेरले, तर ते जमिनीतच कुजते. शाळेतल्या हक्कांच्या धड्याचे नेमके असेच होते. सकाळी परिपाठात समता म्हणायची आणि दुपारी एकाच आळीतल्या मुलींना झाडू द्यायचा, मग मूल त्यातून काय शिकते? मोठे शब्द म्हणायचे असतात आणि वागायचे वेगळे असते, एवढेच ते शिकते. हा धडा फार पक्का बसतो आणि जन्मभर पुरतो.

वेगळी रीत करून पाहता येते. बीड जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 'मूल्यवर्धन' नावाचा उपक्रम जिल्हा परिषदेच्या शाळांतून सुरू केला. संविधानातील मूल्ये मुलांना सरावाने यावीत, असा त्याचा हेतू आहे. पुढे राज्य सरकारच्या साथीने तो इतर जिल्ह्यांतही गेला. गुरुजी बोलतात आणि मुले ऐकतात, एवढ्यावर तिथे भागत नाही. मुले जोडीने बसतात, एकमेकांशी बोलतात, गटात काम करतात. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायचे आणि मग आपले मांडायचे, हा त्यातला साधा नियम. हा नियम आपल्या ग्रामसभेत मोठी माणसे किती पाळतात, ते तुम्ही पाहताच!

शाळेत गेलात तर काय पाहाल?

शिक्षणाचा हक्क २००२ साली घटनादुरुस्तीने संविधानात आला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, हे त्याचे सार तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यातल्या इतर काही गोष्टी गावात फारशा कोणाला माहीत नसतात. त्या ध्यानात ठेवा.

मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. 'छडी लागे छमछम' म्हणत आपण लहानाचे मोठे झालो, म्हणून हे विचित्र वाटेल. पण विचार करा. ज्या मुलाला उत्तर चुकले म्हणून मार बसतो, ते पुढच्या वेळी उत्तरच देत नाही. प्रश्न विचारणे तर दूरच. भीतीने गप्प बसलेला मुलगा शहाणा झाला, असे आपण समजतो. तोच पुढे मोठा झाल्यावर कचेरीत साहेबासमोर तोंड उघडत नाही, तेव्हा मात्र आपण त्याला भित्रा म्हणतो.

जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी मूल दाराबाहेर ठेवता येत नाही. ही तरतूद ऊसतोडणीच्या मुलांसाठी फार मोलाची आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या गावांतून उचल घेतलेली कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि हंगाम संपल्यावर परततात. तोवर मुलांचे अर्धे वर्ष फडात गेलेले असते. मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे आहेत आणि जिथे मूल जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण कार्ड असूनही त्या मुलाला सर्वांत मागे बसवले, 'टोळीवाल्यांचा' म्हणून कोणी हाक मारली, तर तो किती दिवस टिकेल? तुमच्या गावाजवळ कारखाना असेल, तर तुमचे मूल त्याच्या शेजारी बसू शकते. बंधुतेचा यापेक्षा सोपा पाठ कोणत्याही पुस्तकात नाही.

शाळेत गेलात तर आणखी काही पाहा. पाण्याच्या टाकीला सगळी मुले हात लावतात का? मुलींच्या मुतारीला दार आणि आत पाणी आहे का? पायाने अधू असलेल्या मुलाला वर्गात चढता येते का? झाडलोट मुली करतात आणि घंटा मुलगे देतात, अशी वाटणी तर नाही ना? यांतल्या प्रत्येक गोष्टीतून मूल रोज काही तरी शिकत असते. गुरुजींनी फळ्यावर काय लिहिले, त्याच्यावर ते अवलंबून नसते.

घरचा वर्ग

शाळेला नावे ठेवणे सोपे आहे. पण मुलाची पहिली शाळा घर. तिथले काय?

कापूस वेचायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, म्हणून मुलगी चार दिवस घरी राहते. चाराचे आठ होतात. मुलाची शाळा मात्र बुडत नाही. आपली अडचण खरी असते, हे कोण नाकारील? कायद्यानेही घरच्या शेतात हात लावायला सरसकट मनाई केलेली नाही. २०१६ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या कामात ते मदत करू शकते. धोक्याच्या कामाला मात्र ही सूट नाही. तेव्हा फवारणीचा पंप आणि मळणी यंत्र यांच्या आसपास मूल नको. शेतीची गोडी मुलाला लागावी, मातीत हात घालायची लाज वाटू नये, हे योग्यच आहे. पण शाळेची वेळ ही शाळेची पाळी आहे. तिचे पाणी आपणच फोडायचे नाही.

आणखी एक गोष्ट मुले घरात बसून पाहतात. २००५ सालच्या दुरुस्तीपासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तरीही वाटणीची वेळ आली की आत्याला बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. तिने राजीखुशीने सही केली तर प्रश्न वेगळा. पण तिला कोणी नीट विचारले होते का? कोपऱ्यात बसून गृहपाठ करणारी तुमची मुलगी हे सगळे पाहत असते. त्या दिवशी तिच्या वहीतला समतेचा धडा पुसला जातो.

ज्या दिवशी खरी परीक्षा असते

आता त्या भीतीकडे परत येऊ. हक्क शिकले की पोर उलटून बोलेल, ही ती भीती.

नववीतली एक मुलगी मनाशी आणा. दुष्काळाचे वर्ष आहे, घरात वयात आलेली मुलगी ठेवायची धास्ती आहे, आणि स्थळ चालून आले आहे. ऊसतोडीच्या भागात तर नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, जोडी झाली की उचल मिळते, त्यामुळे लग्नाची घाई होते. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे, असा कायदा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने अल्पवयीन मुलीचे लग्न लावणाऱ्यांना शिक्षा आहे. मुलीने हे शाळेत वाचलेले असते, परीक्षेत लिहिलेले असते, कदाचित गुणही मिळालेले असतात.

पण चहा-पोह्याच्या दिवशी ती बोलेल का?

ज्या मुलीला आजवर शाळेत किंवा घरात कोणी "तुला काय वाटतं?" असे एकदाही विचारले नाही, ती त्या दिवशी एकाएकी बोलणार नाही. हक्क पाठ असून गप्प राहील. तिचे शिक्षण, तिचे शरीर, तिचे सारे आयुष्य त्या एका गप्प बसण्यात जाईल. आणि जिला वर्गात हात वर करायची सवय आहे, जिच्या बाईंनी तिचे म्हणणे ऐकून घेतले आहे, जिचा बाप कधीमधी तिचा सल्ला घेतो, ती म्हणेल, "आबा, मला अजून शिकायचंय." हे उलटून बोलणे म्हणायचे का? लेकरू आपल्याच बापाला संकटातून वाचवते आहे, असे म्हणायला हवे.

हक्क शिकलेले मूल प्रश्न विचारते, हे खरे. पण उर्मटपणा आणि प्रश्न यांत फरक आहे. उर्मट मुलाला फक्त स्वतःचीच पाळी दिसते. नीट शिकलेल्या मुलाला खालच्या शेतकऱ्याचीही दिसते. संविधानात हक्कांबरोबर कर्तव्येही आहेत. ती १९७६ साली घातली गेली. त्यांत २००२ साली एक पालकांसाठीही जोडले गेले, ते ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे. म्हणजे मुलाला कर्तव्य सांगताना आपलेही एक त्या यादीत आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्या हाती काय आहे?

पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. दुर्बल घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहेत, ते विचारा. आई सदस्य असेल तर सहीपुरती नको, बैठकीत बोलणारी हवी. माउलींनो, पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, पण विचारा. तुमचे लेकरू बाहेर खिडकीतून ऐकत असेल, तर त्याचा तो सर्वांत मोठा धडा होईल.

मुलाला मार बसला, कोणी त्रास दिला, तर गुरुजींशी शांतपणे बोला. तरीही भागले नाही, तर लेखी तक्रार करता येते. गावात बालविवाह ठरत असेल, तर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच तो रोखणारा अधिकारी असतो. अंगणवाडीताईंनाही सांगता येते. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे आणि तो लावायला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक घरात मुलांना दिसेल असा, कॅलेंडरच्या कोपऱ्यावर लिहून ठेवा.

आणि घरी रात्री जेवताना रोज एका मुलाला विचारा, "आज शाळेत काय चुकीचं वाटलं?" मग पुढचे ऐका. मध्ये बोलू नका. पहिल्या दिवशी ते काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी पेन्सिल चोरीला गेल्याचे सांगेल. महिनाभराने कदाचित सांगेल, की मागच्या बाकावरच्या पोराच्या डब्याला कोणी हात लावत नाही.

ज्या दिवशी ते हे सांगेल, आणि पुढे म्हणेल, "मी उद्या त्याच्याजवळ बसणार आहे," त्या दिवशी उद्देशिकेचे ते पान पुन्हा उघडा. आता त्या चार शब्दांचा अर्थ त्याला विचारावा लागणार नाही.